शाळेतल्या वेल्डिंगचं क्रेडिट कॉलेज कधी धरतं?

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. मूळ गाव कराडजवळ. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं. थोरला आता अकरावी संपवतोय. दहावीत त्याने सहज म्हणून वेल्डिंगची ओळख करून देणारा विषय घेतला आणि त्याचं मनच बसलं. यंदा वेल्डिंग वन झालं, पुढच्या वर्षी वेल्डिंग टू घेणार. गुण ८८-९०च्या घरात आहेत. बारावीनंतर इथल्याच कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंगचं सर्टिफिकेट करायचं म्हणतोय. त्याचे शिक्षक म्हणाले होते, इथं केलेलं पुढे कॉलेजात धरतात. म्हणून मी कॉलेजला फोन केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, तुमच्या मुलाची आमच्याकडे काहीच नोंद नाही. मग दोन वर्षं केलं ते कुठे गेलं? तेच विषय पुन्हा पैसे भरून घ्यायचे का? पहिला वर्ग सोडून एकदम वरच्या वर्गात बसता येईल का? आणखी एक, लिहायला संकोच वाटतो. सासरे फोनवर म्हणाले, वेल्डरच करायचा होता तर अमेरिकेत कशाला गेलात? ह्यांना ते फार लागलंय. त्यांना काय उत्तर द्यावं?

— एक आई, टेक्सास

उत्तर:

मुलाची दोन वर्षं वाया गेलेली नाहीत, हे आधी सांगते. पण आज ह्या घडीला त्याच्या नावावर कॉलेजचं एकही क्रेडिट नाही, हेही खरं आहे. कॉलेजातल्या बाई चुकीचं बोलल्या नाहीत आणि शिक्षकही खोटं बोलले नाहीत. दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. मी एका कम्युनिटी कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं बसले आहे. हा घोटाळा दर ऑगस्टमध्ये समोर यायचा, आणि समोर उभ्या मुलाचा चेहरा पडलेला बघवायचा नाही. तुम्ही ऑगस्टच्या वर्षभर आधी विचारताय, म्हणजे अजून सगळं हातात आहे.

पहिली गल्लत ‘क्रेडिट’ ह्या शब्दातच आहे. टेक्सासमध्ये शाळा संपवायला २२ क्रेडिटं लागतात, एन्डॉर्समेंटसकट, म्हणजे एका क्षेत्राचे विषय घेऊन, २६. वेल्डिंगच्या ओळखीच्या विषयाचं एक, वेल्डिंग वनची दोन, वेल्डिंग टूची दोन, ही सगळी शाळेची क्रेडिटं. पहिल्या दोन विषयांची त्याला मिळालीच आहेत, वेल्डिंग टूची पुढच्या वर्षी मिळतील, आणि बिझनेस अँड इंडस्ट्री एन्डॉर्समेंटमध्ये ती मोजलीही जातील. कॉलेजचं क्रेडिट हा निराळा हिशेब आहे, निराळ्या खातेवहीत. एका वहीतली रक्कम आपोआप दुसरीत जात नाही. कुणीतरी ती नेऊन तिथे चढवावी लागते.

ती चढवण्याच्या दोन वाटा आहेत. नावं सारखी वाटतात आणि शाळेत, कॉलेजात, पालकसभेत लोक ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तुम्ही वापरू नका. एक आहे ड्युअल क्रेडिट. ह्यात मुलगा शाळेत असतानाच कॉलेजात रीतसर नाव नोंदवतो. वर्ग शाळेच्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपात, भरो नाहीतर दुपारी बसने कॉलेजात जावं लागो, तो विषय कॉलेजचा असतो, शिकवणाऱ्याची पात्रता कॉलेजने तपासलेली असते आणि सत्र संपलं की कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, ग्रेड चढते. दुसरं आहे आर्टिक्युलेटेड क्रेडिट. इथे वर्ग निव्वळ शाळेचा असतो. मात्र शाळेच्या डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, आणि एखाद्या कॉलेजाने आपसात लेखी करार केलेला असतो, की आमच्या अमुक विषयात इतके गुण मिळवून मुलगा तुमच्याकडे आला तर तुमचा तमुक विषय त्याला झाला असं धरा.

ड्युअल क्रेडिट म्हणजे रोख पैसे. आर्टिक्युलेटेड म्हणजे मुदतीची हुंडी. ज्या पेढीवर लिहिली आहे त्याच पेढीवर, मुदतीच्या आत, कागद घेऊन गेलात तर पैसे हातात पडतात, नाहीतर तो नुसता कागद. तुमच्या मुलाकडे बहुधा ही हुंडी आहे. शिक्षकांचं ‘धरतात’ हे त्या अर्थाने बरोबर आहे, आणि मुलगा अजून कॉलेजात दाखलच झालेला नाही, तेव्हा तिथे त्याची नोंद नसणं हेही बरोबरच आहे.

ह्या करारांमागे जुना इतिहास आहे. शाळेत हाताचं काम शिकवायला अमेरिकेचं केंद्र सरकार १९१७च्या स्मिथ-ह्यूज कायद्यापासून पैसे देतंय. शाळा आणि कॉलेज दोघांनी मिळून सलग अभ्यासक्रम आखावा हा विचार १९९०च्या आसपास जोर धरू लागला, आणि २०१८ साली नव्याने झालेल्या व्यवसायशिक्षणाच्या पर्किन्स कायद्यातही त्यावर भर आहे. म्हणजे तुमच्या मुलाला कुणी मेहेरबानी म्हणून काही देत नाहीये. ही सोय त्याच्यासाठीच बांधलेली आहे. फक्त तिचं दार आपल्याला ढकलावं लागतं.

आता अटी. करारागणिक त्या बदलतात, पण खिडकीत बसून ज्या पुन्हा पुन्हा पाहिल्या त्या सांगते. गुण ८० किंवा ‘बी’च्या वर लागतात. तुमचा मुलगा त्यात बसतो. क्रेडिट त्याच कॉलेजात वटतं, शेजारच्या कॉलेजात नाही. शाळा संपल्यावर ठरावीक महिन्यांच्या आत प्रवेश घ्यावा लागतो. बऱ्याच ठिकाणी आधी कॉलेजात काही क्रेडिट-तास (कॉलेजातला विषय मोजायचं माप) पूर्ण करावे लागतात, मगच शाळेतलं चढवतात. आणि सगळ्यात मोठी अट, जी कुठेही ठळक अक्षरात नसते: अर्ज मुलाने करायचा. कॉलेज आपण होऊन शाळेचं ट्रान्सक्रिप्ट उघडून ‘अरे, ह्याचं वेल्डिंग झालंय’ असं म्हणत नाही.

माझ्या खिडकीशी एक मुलगा आला होता, तो विसरता येत नाही. शाळेत दोन वर्षं वेल्डिंग, गुण ९५च्या वर. घरची अडचण म्हणून बारावीनंतर कुंपणं बनवणाऱ्या एका छोट्या दुकानात कामाला लागला आणि तीन वर्षांनी पैसे साठवून शिकायला आला. मुदत उलटून गेलेली. आमच्या कॉलेजाने नाही म्हटलं, आणि ते उत्तर त्याला द्यायला मीच बसले होते. शाळेत त्याला ह्या मुदतीबद्दल कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्याने दोन्ही विषयांचे पैसे भरले आणि जे काम तो रोज पोटासाठी करत होता, तेच पुन्हा शिकला. तो चिडला नाही, मुकाट्याने कार्ड काढून दिलं. मला अजून त्या सगळ्या प्रकाराचा राग येतो. आज त्याला मी जे सांगितलं असतं ते तुम्हाला सांगते: हुंडी वटली नाही तर तिसरी वाट असते, आणि ती कशी असते हे आधीच विचारून ठेवायचं.

ती तिसरी वाट म्हणजे परीक्षा देऊन क्रेडिट. पुष्कळ कॉलेजांत विभागप्रमुखाला अधिकार असतो की विद्यार्थ्याला शॉपमध्ये उभं करून काम करून घ्यावं आणि ते उतरलं तर विषय झाला असं लिहून द्यावं. थोडी फी असते, पूर्ण विषयाच्या फीपेक्षा कितीतरी कमी. काही ठिकाणी अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचं सर्टिफिकेट दाखवलं तरी एखादा विषय धरतात. ह्या संस्थेची स्थापना १९१९ची आणि तिचा डी १.१ हा पोलादी बांधकामाचा कोड ह्या धंद्यात प्रमाण मानला जातो. शाळेत असतानाच डी १.१ची परीक्षा देता येते. टेक्सासच्या शाळांना मुलांच्या अशा सर्टिफिकेटांचं श्रेय मिळतं, त्यामुळे खर्चही बऱ्याचदा शाळाच उचलते. मुलाला हे नक्की विचारायला सांगा. मात्र ते सर्टिफिकेट जिवंत ठेवायला दर सहा महिन्यांनी ‘मी हे काम करतो आहे’ असं लिहून द्यावं लागतं, नाहीतर ते बाद होतं.

ही परीक्षा कशी असते ते तुम्हाला दिसावं म्हणून लिहिते, कारण तुमच्या ‘वरच्या वर्गात बसता येईल का’ ह्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

तीन सूत जाडीच्या दोन पोलादी पट्ट्या असतात. आपल्याकडे वर्कशॉपात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. तुमच्या सासऱ्यांना हा शब्द नक्की माहीत असणार. दोन्हींच्या कडा तिरप्या कापून समोरासमोर धरल्या की मध्ये खाच तयार होते. मागे एक पट्टी टाक्यांनी धरलेली असते. सगळं उभं बांधतात, म्हणजे खाच वरून खाली जाते, आणि मुलाने खालून वर भरत जायचं. वितळलेलं लोखंड खाली ओघळायला बघतं. रॉड क्षणभर डाव्या काठावर थांबतो, मधून झपकन उजव्या काठावर जातो, तिथे पुन्हा थांबतो. काठावर थांबला नाही तर कडेला चर पडतो, मध्ये रेंगाळला तर पोट सुटतं. रॉड ई ७०१८. तो दमट चालत नाही, डबा फोडला की भट्टीत १२० अंश सेल्सियसच्या वर ठेवतात, कारण आवरणात पाणी शिरलं की जोडात हायड्रोजन जातो आणि पुढे तडा पडतो. प्रत्येक रनानंतर, म्हणजे जोडाच्या एका थरानंतर, वरची खपली काढून वायर ब्रश मारायचा. काम चांगलं जमलं असेल तर खपली हातोडीची वाट बघत नाही, थंड होता होता आपणच उचलून वळते.

मग परीक्षक आधी नुसत्या डोळ्यांनी बघतो. पसंत पडलं तर जोडाच्या आडव्या दोन पट्ट्या कापतात, मागची पट्टी आणि वरचा उंचवटा घासून सपाट करतात आणि यंत्रात घालून इंग्रजी ‘यू’सारख्या वाकवतात, एक मुळाच्या बाजूने, एक तोंडाच्या बाजूने. वाकलेल्या पाठीवर एक सुतापेक्षा मोठी भेग उघडली की नापास. मुलाने वर्गात काय लिहिलं, शिक्षक त्याच्यावर किती खूष होते, ह्यातलं काही त्या पट्टीला माहीत नसतं.

आता तुम्ही मुलाला एक प्रश्न विचारा: शाळेत तू रॉडने किती केलंस आणि कोणत्या पोझिशनमध्ये? खूप शाळांच्या शॉपमध्ये वेळ जातो तो मिगवर, म्हणजे वायर फीडच्या बंदुकीवर, आणि पट्टी टेबलावर आडवी ठेवून. त्यात वावगं काही नाही, सुरुवात तिथूनच होते. पण ज्याने उभं आणि डोक्यावरचं काम रॉडने केलेलंच नाही, त्याने शील्डेड मेटल आर्कच्या, म्हणजे रॉडच्या वेल्डिंगच्या, पहिल्या विषयाचं क्रेडिट मागू नये, करारात बसत असलं तरी. कॉलेज कदाचित देईलही. मग पुढच्या सत्रात तो अशा मुलांशेजारी उभा राहील ज्यांनी १६ आठवडे तेच घोटलंय, आणि पाइपच्या वर्गात तर त्याची गाडी साफ अडेल. वाचलेले पैसे तिथे दुपटीने जातात. म्हणून माझं मत: ओळखीच्या विषयाचं क्रेडिट जरूर घ्या. रॉडच्या विषयाचं, ती उभी पट्टी शाळेतच दोन-चारदा वाकवून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि ड्रॉइंग वाचण्याचा, वेल्डिंगच्या खुणांचा वर्ग कधीही सोडू नका. हात चांगला असलेली किती तरी मुलं ड्रॉइंगपाशी अडतात आणि जन्मभर दुसऱ्याने आखून दिलेल्या रेघेवर काम करत राहतात.

कॉलेजचे विषय ओळखायचं एक सोपं गणित सांगते. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत वेल्डिंगच्या विषयांना डब्ल्यूएलडीजी ही अक्षरं आणि पुढे चार आकडे असतात. समजा १४२८. पहिला आकडा वर्षाचा, एक म्हणजे पहिल्या वर्षाचा विषय. दुसरा आकडा क्रेडिट-तासांचा, इथे चार. करारात शाळेच्या वेल्डिंग वनसमोर कोणता आकडा लिहिलाय ते बघितलंत की किती पदरात पडणार ते लगेच कळतं. पहिल्या पातळीचं सर्टिफिकेट १५ ते ४२ तासांचं असतं, असोसिएट डिग्री कमीत कमी ६० तासांची. सर्टिफिकेटातले आठ तास आधीच झालेले असणं म्हणजे अर्ध्या सत्राहून जास्त उसंत. ह्या सर्टिफिकेटाला टीएसआय नावाची राज्याची वाचन-गणिताची परीक्षाही लागत नाही. त्या भीतीने मुलं मागे फिरतात, म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षीचा वेल्डिंग टू ड्युअल क्रेडिटमध्ये घेता येतो का, हे ह्याच महिन्यात विचारा. येत असेल तर घ्या, हुंडीपेक्षा रोख बरी. फीबद्दलही तेव्हाच विचारा. काही डिस्ट्रिक्ट ती स्वतः भरतात, आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी २०२३च्या कायद्याने राज्याची मदत सुरू झाली आहे. पण घेण्याआधी मुलाला नीट समजावा की ती ग्रेड जन्मभर राहते. शाळेतला एखादा ‘सी’ विसरला जातो, कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरचा ‘सी’ पुढे दहा वर्षांनी कुठेही प्रवेश घेताना सोबत येतो. ज्या सत्रात त्याला फुटबॉल, नोकरी आणि अवघड गणित सगळं एकदम असेल, त्या सत्रात हट्ट धरू नका.

आणि फोन तुम्ही करू नका, त्याला करू द्या. आपल्याला मुलाचं सगळं आपण करायची सवय असते, मलाही होती. पण इथे मूल कॉलेजात दाखल झालं की त्याचं वय काहीही असो, तिथल्या नोंदींचा हक्क त्याचा होतो. त्याच्या लेखी परवानगीशिवाय खिडकीतला माणूस तुम्हाला काही सांगायला कचरतो. त्यातून वेल्डिंग विभागाचे प्रमुख बहुधा शॉपमध्ये वाढलेली माणसं असतात. आईपेक्षा मुलगा स्वतः बोलला की त्यांना तो आवडतो, आणि आवडलेल्या मुलासाठी ते नियम नीट उघडून बघतात. तुम्ही शेजारी बसा, हवं तर.

त्याने जमवायचे कागद म्हणजे शाळेच्या ट्रान्सक्रिप्टची प्रत, दोन्ही विषयांची अभ्यासक्रमपत्रिका, सेफ्टीचं कार्ड असेल तर ते, आणि एक साधी वही. वहीत तारीख, कोणती पद्धत, कोणता रॉड, किती जाड पट्टी, कोणती पोझिशन, किती तास. मागचं आठवेल तेवढं शिक्षकांसमोर बसून लिहायचं आणि प्रत्येक पानाखाली त्यांची सही घ्यायची. सुट्टी लागायच्या आत, कारण वेल्डिंगचे शिक्षक टिकत नाहीत. त्यांना बाहेर जास्त पगार मिळतो आणि ऑगस्टमध्ये त्या जागी कुणीतरी नवा माणूस उभा असतो ज्याने तुमच्या मुलाचं काम कधी पाहिलेलं नाही. चांगल्या जोडांचे फोटोही ठेवावेत, शेजारी फूटपट्टी ठेवून काढलेले.

इथे एच-४वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या घरांसाठी दोन ओळी, कारण असे प्रश्न येतात. मुलाने वर्ग घ्यायला, क्रेडिट मिळवायला हरकत नाही. पण पगारी प्रॅक्टिकम (अभ्यासक्रमातलंच प्रत्यक्ष काम) किंवा उन्हाळ्यातलं शॉपमधलं काम त्याला करता येत नाही. शिक्षक कौतुकाने काम देऊ करतील, तेव्हा आधी वकिलाला विचारा.

आता सासऱ्यांचं.

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वेल्डर होते. गळीत सुरू असताना रोलर उसावरून घसरायला लागला की चरक न थांबवता फिरत्या रोलरच्या दातांवर आर्किंग करायचं, हे त्यांचं खास काम. वर उसाचा रस उडतोय, खाली रॉड चाललाय, आणि चरक थांबला तर बाहेर बैलगाड्यांची रांग वाढत जाते. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना छातीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असायची, आई ती रफू करत नसे, म्हणे कितींना करू. त्यांनी आम्हा तिघांना शिकवलं ते त्या भोकांवर. आणि तरीही माझ्या भावाने आयटीआयला वेल्डर ट्रेड घेतो म्हटल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना कामाची लाज नव्हती. शेतीच्या हंगामासारखं येणारं-जाणारं काम, डोळ्यांची जळजळ, साहेबाने कधी नावाने हाक न मारणं, हे पोराच्या वाट्याला येऊ नये एवढंच होतं. तुमच्या सासऱ्यांच्या बोलण्यामागेही बहुधा तेच आहे. त्यांनी पाहिलेला वेल्डर काळा चष्मा लावून रस्त्याकडेला ग्रिल जोडणारा आहे. त्याच्याही हातात कसब आहे, पण त्याला कधी पुरते पैसे मिळाले नाहीत, हे ते जाणतात.

म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना आकडा सांगा आणि काम दाखवा. अमेरिकेत वेल्डरांची मधली कमाई मे २०२३मध्ये वर्षाला ४८,९४० डॉलर होती. हा मधला आकडा आहे, म्हणजे निम्म्यांना ह्यापेक्षा कमी मिळतं, तेही सांगा, मुलालाही सांगा. ह्यूस्टनच्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि पाइपलाइनी आहेत, आणि ४५ अंशांत तिरका बांधलेला पाइप चहूबाजूंनी जोडून दाखवणारा, म्हणजे ६जी पास झालेला माणूस तिथे जास्त मागू शकतो. हात थकल्यावरची वाटही आहे: पाच वर्षांच्या अनुभवानंतर बारावी झालेल्याला वेल्डिंग इन्स्पेक्टरच्या परीक्षेला बसता येतं. आणि इंजिनिअर व्हावंसं वाटलंच तर ओहायो स्टेट विद्यापीठात वेल्डिंग इंजिनिअरिंगची पदवी आहे, टेक्सासमध्येच लाँगव्ह्यूला लेटर्नो विद्यापीठात धातू जोडण्याच्या शास्त्राचं इंजिनिअरिंग शिकवतात. मात्र हे नीट लक्षात असू द्या: शॉपमधल्या वेल्डिंगची क्रेडिटं इंजिनिअरिंगच्या पदवीत सहसा धरत नाहीत. तिथे कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र लागतं. तो दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर बारावीत त्याने गणित सोडता कामा नये. ह्या एकाच बाबतीत मी तुम्हाला हट्ट धरायला सांगेन.

मुलाच्या वडिलांना लागलेलं मात्र फक्त आकड्यांनी निघणार नाही. त्यांना एकदा शॉपमध्ये न्या. बऱ्याच शाळा वर्षअखेरीस पालकांना बोलावतात. हेल्मेट घालून काचेतून पोराचा हात बघितला की माणूस वेगळा होऊन बाहेर येतो. माझ्या वडिलांनी भावाचा पहिला सरळ रन बघितला तेव्हा काही बोलले नाहीत, चिपिंग हॅमर उचलून खपली स्वतः काढली आणि बोटाने जोडावरून हात फिरवला.

आता कामाला लागा. मुलाला आज-उद्यात कॉलेजच्या वेल्डिंग विभागप्रमुखांना ईमेल करू दे, प्रत शिक्षकांना आणि शाळेच्या समुपदेशकांना. मजकूर एवढाच पुरे: ‘मी अमुक शाळेत अकरावीत आहे. वेल्डिंगची ओळख आणि वेल्डिंग वन हे विषय इतक्या गुणांनी पूर्ण केले आहेत. आमच्या डिस्ट्रिक्टचा तुमच्याशी आर्टिक्युलेशनचा करार आहे का? असल्यास माझ्या विषयांसमोर तुमचे कोणते विषय आहेत, गुण किती लागतात, मुदत कधी संपते आणि अर्ज कुठे करायचा? नसल्यास परीक्षा देऊन क्रेडिट मिळवण्याची सोय आहे का? वेल्डिंग टू पुढच्या वर्षी ड्युअल क्रेडिटमध्ये घेता येईल का? सोयीच्या दिवशी शॉप बघायला येऊ का?’ उत्तर फोनवर आलं तर त्याच दिवशी ‘आपण असं असं सांगितलंत’ म्हणून उलट ईमेल करून ठेवायची. दोन वर्षांनी खिडकीत कुणी वेगळंच बसलेलं असेल.

काय उत्तर आलं ते मला कळवा. आणि शाळेत त्याने पहिली पट्टी वाकवली की, फुटली तरी, तिचा फोटो पाठवा.